मालव्हर्नची तिचाकी

डिसेंबर १९१०च्या अखेरीस, नाताळचं जेवण अंगी लागायच्या आत, इंग्लंडमधली काही हौशी मंडळी लंडनहून एक्सेटरला निघाली आणि तशीच परत आली. एक्सेटरला कुणाचं काही काम नव्हतं. ‘मोटर सायकलिंग क्लब’नं ही दौड त्या वर्षी पहिल्यांदाच भरवली होती. रस्ते खडीचे, पाऊस पडला की चिखलाचे. दिवे अ‍ॅसिटिलीनचे: कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, वायू तयार व्हायचा, तो जळायचा. थंडी वाढून डब्यातलं पाणीच गोठलं की दिवा गेला. अशा प्रवासाला माणसं पैसे भरून नाव नोंदवत होती.

याला शर्यत म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर मोटारींची शर्यत लावायला बंदी होती आणि १९०३च्या कायद्यानं कमाल वेग ताशी वीस मैलांवर बांधून टाकला होता. ज्यांना वेगाचीच भूक होती त्यांच्यासाठी १९०७मध्ये ब्रुकलँड्सचा खासगी ट्रॅक उभा राहिला. बाकीच्यांनी ‘ट्रायल’ नावाचा खेळ शोधून काढला. ठरलेल्या ठाण्यावर ठरलेल्या वेळी पोहोचायचं. उशीर झाला तर गुण गेले, फार लवकर पोहोचलात तरी गेले. वाटेत एखादा दुष्ट चढ निवडलेला असे, तो न थांबता पार करायचा. चढावर निरीक्षक वही घेऊन उभे. आणि या खेळातली सर्वांत गमतीची गोष्ट अशी की सुवर्णपदक एकट्याचं नसायचं. ठरवलेली कसोटी जो जो पार करेल त्या प्रत्येकाला सुवर्णपदक. दुसऱ्याला हरवण्याची गरजच नव्हती.

त्या पहिल्या एक्सेटर दौडीत एक माणूस विचित्र वाहन घेऊन उतरला. पुढे दोन चाकं, मागे एक. इंजिन सगळ्यांच्या पुढे, उघडंच. बसायला एकाच माणसापुरती जागा आणि वळवायला गोल चाकाऐवजी एक दांडा. आपल्याकडच्या रिक्षाला पुढे एक आणि मागे दोन चाकं असतात. ही तिचाकी तिच्या बरोबर उलटी. चालवणारा होता हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन, वय एकोणतीस. घरचे त्याला हॅरी म्हणत, धंद्यातले लोक नुसतं ‘एचएफएस’. तो सुवर्णपदक घेऊन परतला. पुढची चाळीसेक वर्षं या माणसानं जे काही केलं, त्याचं मूळ पदकापेक्षा त्या खेळाच्या नियमात शोधावं असं वाटतं. सर्वांत वेगवान किंवा सर्वांत मोठं व्हायचा सोस त्याला कधीच नव्हता. ठरवलेल्या कसोटीला उतरलं की त्याचं समाधान होई.

हॅरीचा जन्म १८८१चा, हेरफर्डशरमधल्या मोरटन जेफ्रीज या खेड्यातल्या पाद्र्याच्या घरात. आजोबा पाद्री, वडील पाद्री. वडील रेव्हरंड जॉर्ज मॉर्गन पुढे शेजारच्या स्टोक लेसीचे धर्मगुरू झाले. मुलानंही तीच वाट धरावी अशी अपेक्षा कुणी केली असती तर नवल नव्हतं. पण या पाद्र्याला यंत्रांचं वावडं नव्हतं. मुलाला मार्लबरोच्या प्रतिष्ठित शाळेत घातलं, ती त्याला मानवली नाही, तेव्हा त्याला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या अभियांत्रिकी शाळेत पाठवलं. तिथून तो स्विंडनला, ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात, विल्यम डीन या नामांकित लोकोमोटिव्ह अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करायला गेला.

याच सुमारास, अठराएक वर्षांचा असताना, त्यानं हेरफर्डमधून एक बेन्झ मोटार भाड्यानं घेतली. हेरफर्ड आणि ब्रॉम्यर्डच्या दरम्यान सहास एक असा तीव्र उतार लागतो. म्हणजे सहा फूट पुढे गेलं की एक फूट खाली. त्या उतारावर गाडी हाताबाहेर गेली. हॅरी बचावला, बेन्झ मोडली. दुरुस्तीचं बिल आलं अठ्ठावीस पौंडांचं आणि ते वडिलांनी भरलं. त्या काळी एवढ्या पैशात एखाद्या मजुराचं घर कित्येक महिने चाललं असतं. दुसऱ्या एखाद्या बापानं मोटार या शब्दावरच घरात बंदी घातली असती. रेव्हरंड मॉर्गन यांनी काही वर्षांनी याच मुलाच्या मोटार कारखान्यात स्वतःचं भांडवल घातलं आणि ते कंपनीचे अध्यक्षही झाले. मॉर्गनच्या गोष्टीतलं सर्वांत धाडसी पात्र कोण, असं विचारलं तर माझं बोट या धर्मगुरूंकडे जाईल.

स्विंडनला रेल्वे इंजिनांचे आराखडे काढत आयुष्य काढणं हॅरीला मान्य नव्हतं. रेल्वेची नोकरी सोडून त्यानं मालव्हर्न लिंक या गावात एका मित्राबरोबर गॅरेज टाकलं. वूल्झली आणि डाराक या गाड्यांची एजन्सी घेतली. दहा अश्वशक्तीच्या वूल्झली बसची सेवाही सुरू केली. मालव्हर्न म्हणजे डोंगराच्या कुशीतलं, झऱ्यांच्या पाण्यासाठी नावाजलेलं आरोग्यस्थान. तिथले रस्ते चढ-उतारांचे. लोकांच्या गाड्या दुरुस्त करताना कुठल्या गाडीचं काय मोडतं आणि कुठल्या चढावर मोडतं, हे त्याला रोज दिसत होतं. स्वतःसाठी त्यानं आधी ‘ईगल टँडम’ नावाची एक तिचाकी घेतली होती, त्यामुळे तीन चाकांची कल्पना त्याला नवी नव्हती.

१९०९मध्ये त्यानं सात अश्वशक्तीचं, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात दोन सिलिंडर असलेलं एक प्यूजो इंजिन घेतलं. मोटारसायकल बनवायचा बेत होता. पण मोटारसायकलींबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं, म्हणून बेत बदलला आणि तीन चाकांचं हलकं वाहन करायचं ठरलं. गॅरेजमध्ये पुरेशी हत्यारं नव्हती. मालव्हर्न कॉलेज या शाळेत स्टीफनसन-पीच नावाचे अभियांत्रिकीचे शिक्षक होते आणि त्यांच्याकडे चांगली कार्यशाळा होती. त्या शाळेच्या कार्यशाळेत पहिली मॉर्गन तयार झाली.

तिची रचना नीट बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात काय काय नव्हतं हे ध्यानात आलं की हा माणूस कळतो. मोटारीला तेव्हा जड चौकट लागायची. मॉर्गननं पुढून मागे जाणारी एक जाड पोलादी नळी घेतली आणि गाडीचा कणा म्हणून तीच वापरली. इंजिनाची ताकद मागे नेणारा दंड त्याच नळीच्या आतून फिरत होता, त्याला वेगळं झाकण नको. खाली दोन्ही बाजूंना आणखी दोन बारीक नळ्या होत्या, आणि सुरुवातीच्या नमुन्यात इंजिनाचा धूरही त्यांतूनच बाहेर जायचा. गिअरबॉक्सही नव्हती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक साखळी, दोन्हींच्या दातेरी चक्रांचं प्रमाण वेगळं. एक साखळी जोडली की हलका गिअर, दुसरी जोडली की भारी. दोनच गिअर. मागे जायचा गिअर नाही. मागे न्यायची असेल तर उतरून ढकला; वजन इतकं कमी की ढकलणं जड जात नसे. मागचं चाक एकच असल्यामुळे डिफरन्शिअल नावाचं महागडं प्रकरणही टळलं.

पैसे वाचवताना मॉर्गननं एके ठिकाणी मात्र अजिबात हात आखडता घेतला नाही. त्या काळच्या बहुतेक मोटारींना पुढे एकच आडवा आस असे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तिरपं व्हायचं. मॉर्गननं पुढची दोन चाकं एकमेकांपासून मोकळी केली. प्रत्येक चाक एका उभ्या खुंटीवर वर-खाली सरकतं आणि त्या खुंटीभोवती स्प्रिंग असते. इंग्रजीत याला ‘स्लायडिंग पिलर’ म्हणतात. मोठमोठ्या मोटार कंपन्यांना स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन सरसकट वापरायला पुढची वीस-पंचवीस वर्षं लागली. मालव्हर्नच्या गॅरेजवाल्यानं ते १९०९मध्ये, शाळेच्या कार्यशाळेत, स्वतःपुरत्या एका गाडीला बसवलं. ती रचना फार मोठे फरक न होता मॉर्गनच्या पारंपरिक गाड्यांना एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत पुरली.

पेटंट घेताना एक योगायोग झाला. पेटंटसाठीचे आराखडे एका एजंटाच्या कचेरीतल्या जॉन ब्लॅक नावाच्या हुशार पोरानं काढून दिले. हे नाव लक्षात असू द्यावं.

नोव्हेंबर १९१०मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात मॉर्गननं आपल्या एकआसनी तिचाक्या मांडल्या. बघणारे पुष्कळ, विकत घेणारे थोडे; तिसाच्या आसपास मागण्या आल्या. कारण उघड होतं. सोबत कुणाला बसवता येणार नसेल तर अशा वाहनात एकटा माणूस किती हिंडणार? पण तीस गाड्या बनवायलासुद्धा त्याच्याकडे यंत्रं नव्हती. त्यानं मोठ्या कारखानदारांना विचारून पाहिलं: तुम्ही बनवून द्याल का? सगळ्यांनी नकार दिला. पुढे मॉर्गन म्हणत असे की, त्यांनी नाही म्हटलं हे आपलं भाग्यच. गिऱ्हाइकांनी दिलेल्या आगाऊ रकमेतून आणि वडिलांच्या मदतीतून त्यानं यंत्रं घेतली, गॅरेजला जोडून शेड वाढवल्या आणि स्वतःच कारखानदार झाला.

प्रदर्शन उरकल्यावर महिनाभरातच ती एक्सेटरची दौड आली. ऑलिम्पियात गाडी नुसती उभी होती. एक्सेटरच्या वाटेवर ती चालली आणि लोकांनी ती चालताना पाहिली. नवख्या कंपनीला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपेक्षा हे स्वस्त पडतं. पण मॉर्गनसाठी ट्रायल म्हणजे जाहिरातीपेक्षा बरंच अधिक होतं. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, चाचणीचा ट्रॅक नव्हता. रात्रभर चिखलात आणि चढावर गाडी हाणली की दुसऱ्या दिवशी काय सैल झालं, काय तुटलं, काय तापलं हे समोर दिसायचं. मालक, आरेखक आणि चालक एकच असल्यामुळे तक्रार लिहून पाठवायचीही गरज नव्हती.

पुढच्या वर्षी गाडीला दोन आसनं आली, दांड्याच्या जागी गोल स्टिअरिंग आलं. लंडनच्या ‘हॅरॉड्स’ या बड्या दुकानानं तिची एजन्सी घेतली आणि ती आपल्या दर्शनी काचेमागे मांडली. जिथं फर आणि चिनी माती शोभायची तिथं साखळ्यांवर चालणारी तिचाकी. १९१२मध्ये मॉर्गन मोटर कंपनी रीतसर स्थापन झाली. त्याच वर्षी हॅरीचं लग्न झालं, मुलगी हिल्डा रूथ डे, मालव्हर्न लिंकच्याच धर्मगुरूंची कन्या. पुढे ती त्याच्या शेजारी बसून कित्येक ट्रायलमध्ये उतरली. चढावर मागच्या चाकाची पकड सुटू लागली की शेजारच्यानं वजन मागे टाकून उसळ्या घ्यायच्या, ही या खेळातली मान्य युक्ती. धर्मगुरूच्या घरातून आलेल्या बाईनं लांब झगा, कोट आणि टोपी सांभाळत चिखलाच्या वाटांवर मैलोन्मैल बसणं, हे पदकांच्या यादीत कुठे दिसत नाही. दिसायला हवं होतं.

नोव्हेंबर १९१२मध्ये मॉर्गननं ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर स्वतः गाडी चालवून तासाभरात साठ मैलांना अगदी थोडे कमी अंतर कापलं आणि छोट्या गाड्यांच्या वर्गात विक्रम केला. या वर्गाला तेव्हा ‘सायकलकार’ म्हणत, आणि त्यांच्यासाठी त्याच महिन्यात एक साप्ताहिकही निघालं. १९१३मध्ये फ्रान्समध्ये आमियां इथं सायकलकारांची ग्राँ प्री झाली. डब्ल्यू. जी. मॅकमिनीज यानं मॉर्गन चालवली, वाटेत टायरची ट्यूब बदलावी लागली, तरी पहिला आला. फ्रेंचांनी आक्षेप घेतला: तीन चाकांची ती कसली मोटार? ती तर साइडकारच! कागदावर त्यांनी पहिला मान आपल्या चारचाकीला दिला. मॉर्गन कंपनीनं वाद घालण्यात वेळ दवडला नाही. पुढच्या वेगवान गाडीचं नावच ‘ग्राँ प्री’ ठेवून दिलं.

वाद घालायचं काम वडिलांकडे होतं. काळा लांब कोट, डोक्यावर उंच टोपी अशा वेशात रेव्हरंड मॉर्गन मोटारींच्या कार्यक्रमांना हजर असत. नियतकालिकात कुणी तिचाकीबद्दल वाकडं लिहिलं की त्यांचं पत्र संपादकाकडे गेलंच म्हणून समजा. मुलगा मितभाषी, वडील हाती लेखणी घेऊन सदैव तयार. १९३६मध्ये ते गेले तोवर कंपनीचे अध्यक्ष तेच होते.

पहिल्या महायुद्धात कारखान्यात तोफगोळे बनले. युद्ध संपल्यावर मागणी इतकी वाढली की पिकर्सली रोडवर नवा कारखाना उभारावा लागला. त्यात करखात्यानं नकळत हातभार लावला. १९२१पासून मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड कर बसला. आठ हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे साधारण चारशे किलोंपेक्षा हलक्या तिचाकीला मात्र वर्षाला फक्त चार पौंड. खाणीतला मजूर किंवा नुकतं लग्न झालेला कारकून यांना मोटारसायकलच्या खर्चात दोघांना बसता येईल असं वाहन मिळालं. मग १९२२मध्ये हर्बर्ट ऑस्टिन यांची ‘ऑस्टिन सेव्हन’ आली. चार चाकं, चार सिलिंडर, डोक्यावर छप्पर, आणि किंमत मध्यमवर्गाला झेपणारी. सायकलकार बनवणारे बहुतेक कारखाने काही वर्षांत बंद पडले. मॉर्गननं किमती उतरवल्या, पुढच्या चाकांना ब्रेक दिले आणि तग धरला.

१९२४मध्ये ब्रुकलँड्सवर ई. बी. वेअर या चालकाच्या मॉर्गनला भीषण अपघात झाला. वेअर आणि त्याचा सोबती दोघेही गंभीर जखमी झाले, आणि त्यानंतर तिचाक्यांना मोटारींबरोबर शर्यतीत उतरायला बंदी झाली. मॉर्गन वेगात कमी पडत होती असं मुळीच नाही. १९३०मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर ग्वेन्डा स्टुअर्ट या बाईनं मॉर्गन ताशी ११५ मैलांच्या पुढे नेली. मागे एक चाक, पुढे उघडं इंजिन आणि हा वेग! पण हा पराक्रम कंपनीच्या मालकाच्या स्वभावातला नव्हे. त्याचा जीव ट्रायलमध्येच रमायचा. लंडन ते लँड्स एंडच्या दौडीत लिंटनजवळचा ‘बेगर्स रूस्ट’ हा खडीचा चढ लागे. भल्या भल्या गाड्या त्यावर अडकून बसायच्या, बघ्यांची जत्रा भरायची, दोर लावून गाड्या ओढाव्या लागायच्या. मॉर्गन तिथं नियमानं जात.

१९३०च्या दशकात कारखान्याला नुसत्या तिचाकीवर चालणं अवघड झालं. तेव्हा एचएफएसनं चौथं चाक बसवलं. चार सिलिंडर, चार चाकं, म्हणून नाव ‘फोर-फोर’. कुठलंही अधिक काव्य त्यात नाही. पुढचं सरकत्या खुंट्यांचं सस्पेन्शन तेच, वरचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा, त्यावर पत्रा. १९३६मध्ये ती बाजारात आली, पण त्याआधी ती ट्रायलच्या चिखलातून गेली, आणि मालक पन्नाशी ओलांडलेला असूनही स्टिअरिंगवर स्वतः होता. दोन वर्षांनी, १९३८मध्ये, प्रूडन्स फॉसेट या तरुणीनं तीच गाडी ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवली आणि सहकाऱ्याबरोबर तेरावा क्रमांक मिळवून पूर्ण केली.

आता जॉन ब्लॅककडे वळू. पेटंटचे आराखडे काढणारा तो पोरगा मधल्या काळात सर जॉन ब्लॅक झाला होता, कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड मोटर कंपनीचा सर्वेसर्वा. मॉर्गनला इंजिनं त्याच्याकडूनच मिळत. १९५०च्या सुमारास त्यानं मॉर्गन कंपनीच विकत घ्यायची तयारी दाखवली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, मोठ्या छत्राखाली गेलेलं बरं असं कुणालाही वाटलं असतं. एचएफएस, त्याचा मुलगा पीटर आणि त्यांच्या संचालकांनी विचार केला आणि नम्रपणे नाही म्हटलं. ब्लॅकनं मन मोठं ठेवून इंजिनं देणं चालू ठेवलं. ‘व्हॅनगार्ड’चं इंजिन घालून ‘प्लस फोर’ निघाली. ज्या बलाढ्य स्टँडर्डनं छोट्या मॉर्गनला पोटात घ्यायचं ठरवलं होतं, त्या स्टँडर्डचंच नाव पुढे काही वर्षांत ब्रिटिश रस्त्यांवरून पुसलं गेलं.

या सगळ्यात कंजूषपणाही होताच, तो झाकायचं कारण नाही. पैसा उधळणं एचएफएसला जमत नसे. कारखान्यात जुनी यंत्रं वर्षानुवर्षं चालत, नवं तेव्हाच यायचं जेव्हा जुनं खरोखर मरे. शेड उतारावर होत्या. सांगाडा वरच्या शेडमधून हातानं ढकलत खालच्या शेडमध्ये न्यायचा. मोठ्या कारखान्यांत सरकते पट्टे आले, इथं उताराची मदत पुरली. स्वतःच्या वापरासाठी मात्र या काटकसरी माणसाकडे रोल्स-रॉईस होती. पुढच्या आयुष्यात तो टेम्सकाठच्या ब्रे गावी राहायचा आणि तिथून कारखान्यावर फेरी मारायचा. काहींना हे विसंगत वाटेल. मला ते रास्त वाटतं: स्वतः बनवलेल्या गाडीचे गुणदोष ठाऊक असणाऱ्यालाच दुसऱ्याच्या चांगल्या कामाची चव कळते.

शेवटची तिचाकी १९५२मध्ये कारखान्याबाहेर पडली. एचएफएस जून १९५९मध्ये वारला. मुलगा पीटर आधीच कामात मुरलेला होता. त्यानं १९६३मध्ये एक धाडस करून पाहिलं: फायबरग्लासची, बंद छपराची, काळाला धरून असलेली ‘प्लस फोर प्लस’. जुन्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, नवी आली नाहीत. अवघ्या सव्वीस गाड्या बनल्या आणि कारखाना निमूट अ‍ॅश लाकडाकडे परतला. १९९०मध्ये सर जॉन हार्वी-जोन्स हे नामवंत उद्योगपती बीबीसीचे कॅमेरे घेऊन मालव्हर्नला आले. गाडीसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं रांगेत थांबलेली पाहून त्यांनी उत्पादन झपाट्यानं वाढवायचा सल्ला दिला. पीटर आणि त्याचा मुलगा चार्ल्स यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि आपल्या गतीनं चालत राहिले.

२०११मध्ये मॉर्गन कंपनीनं जिनिव्हाच्या प्रदर्शनात पुन्हा तिचाकी मांडली. पुढे दोन चाकं, मागे एक, नाकावर उघडं दोन सिलिंडरचं इंजिन, सगळं आजोबांच्या आराखड्याला धरून. गिअरबॉक्स मात्र जपानी, माझ्दाची होती. पाच गिअर पुढे जायचे आणि एक मागे यायचा.